पाच ठोके

१

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४. दुपारचे बारा पंचेचाळीस. चौल, माझ्या घरामागची पत्र्याची शेड. शेडमध्ये चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली एक जुनी अमेरिकन गाडी. तिचा गियरबॉक्स काढून बाजूला ठेवलेला. ड्रायव्हरच्या जागेवर मी. गाडीखाली कोणी नाही.

शेवटचं वाक्य मी तीनदा तपासून लिहिलं आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं. पस्तीस वर्षं बातमीदारी केली, पण भूत, भानामती, अंगात येणं यांना मी बातमीत एक ओळही दिली नाही. आमच्या घरातून १९५६ साली देव्हारा गेला, आणि भुतं त्याच्याही आधी गेली असं माझे वडील म्हणायचे. तेव्हा मी काय ऐकलं ते सांगतो. का ऐकलं ते मला विचारू नका.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. किहीमला एका बंगलेवाल्याने समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर भिंत घातली होती. त्या भिंतीविरुद्ध मी अकरा बातम्या लिहिल्या आणि भिंत पाडायला लावली. तोच माणूस देश सोडून जाताना माडाखाली सडत पडलेली ही गाडी मला देऊन गेला, रीतसर पावती करून. म्हणाला, "तुमच्याइतका हट्टी माणूसच हिला चालू करील." सत्तर सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरची, डाव्या बाजूला स्टिअरिंग. बॉनेट इतकं लांब की वळण घेताना गाडीचं नाक कुठे संपतं ते अंदाजानेच ठरवावं लागतं. गावात तिला होडी म्हणतात. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून मी ती चालू केली, आणि चालू होताच तिचा क्लच गेला. चढावर इंजिन गर्जायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

"आवाज मोठा आणि काम शून्य," माझी बायको इंदू म्हणाली. "तुमच्या पेपरसारखंच."

२

क्लच बदलायला रामा आला. रामा रेवदंड्याचा, मच्छीमार बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. मोटारींचे मिस्त्री अलिबागला खूप आहेत, पण या गाडीचं बॉनेट उघडून तिघे निघून गेले होते. रामाने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बोटीचंच इंजिन हाय हे. पान्यात न्हाय, येवढाच फरक."

तीस वर्षं इंजिनाला खेटून बसल्यामुळे त्याचे कान गेले आहेत. गाडीखाली शिरला की मी वरून ओरडलेलं त्याला ऐकू येत नाही. म्हणून शनिवारी काम सुरू करण्यापूर्वी त्याने मला बोटीवरची रीत शिकवली. बोटीत इंजिन खाली पोटात असतं, आणि सुकाणू धरणारा तांडेल वर. आवाजात हाक पोचत नाही. म्हणून तांडेल टाचेने फळीवर ठोकतो. एक म्हणजे पुढे, दोन म्हणजे गियर सोड, तीन म्हणजे मागे. खालचा इंजिनवाला तेवढेच ठोके हातोडीने परत देतो.

"आपलं असं," रामा म्हणाला. "तुमी क्लच दाबला, एक ठोका. सोडला, दोन. काय चुकलं, तर तीन, मी हात काढीन. मी पान्यानं उत्तर देनार. उत्तर येईतो पाय हलवायचा न्हाय. माझी बोटं हायेत तिथं."

"आणि उत्तर आलंच नाही तर?"

"तर इंदूवयनीला हाक मारा, चहा ठेव म्हनावं. माझा कारभार आटपला."

शनिवारभर टाच आणि पाना यांचंच बोलणं चाललं. मी ठक, तो टण. संध्याकाळी गियरबॉक्स खाली आला आणि जुनी क्लच प्लेट बाहेर निघाली. रामाने ती चष्मा वर सारून माझ्यासमोर धरली.

"बगा. कडंला निळी पडलीय. घसरली की तापते, तापली की निळी पडते. आन एकाच बाजूनं जास्त खाल्लीय, मंजे प्लेटच वाकडी. मानूस खोटं बोलंल, प्लेट न्हाय बोलत."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढे ते किती कामाला येणार होतं याची कल्पना नव्हती.

त्याची आणखी एक सवय. कुठलाही बोल्ट शेवटचा आवळला की तो त्यावर गुलाबी नेलपॉलिशची एक रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर, अर्धी लोखंडावर. बाटली त्याच्या मुलीची, जुनी. बोल्ट कोणी हलवला तर रेघ तुटते. "माज्यामागं कोन हात घालतो ते कलतं," तो म्हणतो. बोटीच्या तेलात, मिठात ही रेघ वर्षानुवर्षं टिकते.

३

आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला मी सहा वर्षं टाळाटाळ केली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीत एक बोट वाळूच्या दांड्यावर चढून फुटली. वरचे चौघे पोहून आले. इंजिनवर होता बाबाजी, रामाचा थोरला भाऊ. तो खालीच राहिला. तांडेलने सांगितलं, मी तीन ठोकले, मागे घे म्हणून, खालून उत्तर आलं नाही. तांडेल खोटं बोलला असं मी म्हणत नाही. लाटा फुटत असताना त्याला ऐकू आलं नसेल.

मी तेव्हा अलिबागच्या कार्यालयात खुर्चीत बसलो होतो. रेवदंडा तिथून सतरा किलोमीटर. बंदर खात्याच्या अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं की इंजिनवाला झोपला असणार. मी त्यातलं 'असणार' काढून टाकलं आणि मथळा दिला: 'इंजिनचालक झोपल्याने नौका फुटली'. जगाला जाब विचारत फिरणाऱ्या माणसाने सतरा किलोमीटर जाण्याचे कष्ट घेतले नाहीत. चौकशी अहवाल नंतर आला, त्यातही तेच.

त्या मथळ्याचं काय झालं ते बंदरावर ऐकायला मिळतं. कोणी डुलकी घेतली की पोरं म्हणतात, "बाबाजी झाला." बाबाजीची बायको आवडाबाई सुकी मासळी विकते. तिच्या टोपलीजवळून जाताना कुणीतरी मुद्दाम जांभई देतं. सहा वर्षं.

रामा यातलं मला कधीच काही बोलला नव्हता. तो शनिवारीच प्रथम बोलला, गियरबॉक्स पुसता पुसता.

"दादा, तुमी लिवलं व्हतं ना त्ये?"

"हो."

"मना म्हाईत व्हतं. इचारलं उगाच." आणि तो पुन्हा पुसू लागला.

४

रविवारी साडेबाराला रामा जेवायला रेवदंड्याला गेला. इंदू विहारातल्या बायकांच्या बैठकीला गेली होती. मी गाडीत बसून पेडलांवरची माती खरवडत होतो.

क्लचच्या पेडलला खाली जोडणारा दांडा रामाने काढून रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवला होता. तो डबा मला समोरच्या काचेतून दिसत होता. दांडा नाही म्हणजे पेडल मेलेलं. सकाळी त्याला पाय लागला की ते खटकन जमिनीवर पडायचं आणि तिथेच पडून राहायचं.

खरवडताना माझा डावा पाय पेडलवर गेला. पेडल पडलं नाही.

ते घट्ट होतं. मी दाबलं तसं सावकाश, वजन घेत खाली गेलं. खालून कोणीतरी सांभाळून धरावं तसं. मी पाय उचलला आणि ते माझ्या पायामागोमाग वर आलं.

काहीतरी अडकलं असेल, मी मनाशी म्हणालो. आणि दोन दिवसांच्या सवयीने टाच दोनदा आपटली. सोडला.

खालून उत्तर आलं. टण, टण.

५

बातमीदाराचं एक बरं असतं, भीती वाटली की तो नोंद घेतो. मी वही काढली. बारा सत्तेचाळीस. नोव्हेंबरच्या उन्हात पत्रा तापला की वाजतो. पण पत्रा वर होता आणि आवाज खालून आला होता. शेजारी सुतारकाम चालतं, पण रविवारी बंद असतं. माडावरून नारळ पडला, तर दोन ठोके एका अंतराने कसे पडतील?

मी टाच एकदा आपटली. टण.

थांबलो. माझ्याच ठोक्याचा हादरा लोंबत्या पत्र्याला बसत असेल. मी मुद्दाम वेळ जाऊ दिला, घड्याळात पूर्ण मिनिट. हादरा मिनिटभर वाट पाहत नाही. मग मी तीन आपटले.

टण. टण. टण.

तिन्ही ठोके नीट, वेगवेगळे. ज्याला आपलं काम येतं त्याने द्यावे तसे. मी श्वास सोडणार इतक्यात आणखी आले. पाच. भराभर, एकावर एक, आणि ते नीट नव्हते. त्यांत घाई होती. थोडं थांबून पुन्हा पाच. पुन्हा पाच.

गाडीत डिझेलचा वास भरला. माझी गाडी पेट्रोलवर चालते.

दोन सीटांच्या मध्ये, जिथून गियरचा दांडा वर येतो, तिथे आता ताटलीएवढं भोक होतं. त्यातून खाली पाहिलं तर सिमेंटची जमीन दिसायला हवी होती आणि तिच्यावर रामाने झोपायला पसरलेला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. मी वाकलो.

पाणी होतं. काळं, वर तेलाचे रंग फिरत असलेलं. ते एका बाजूला कलत चाललं होतं, सावकाश, बोट कलते तसं. गाडी मात्र तसूभर हलली नव्हती. पाण्याच्या कडेला काहीतरी होतं, वर-खाली होणारं. मनगट असावं. मी 'असावं' लिहितो आहे आणि या वेळी ते काढणार नाही.

मी डोळे मिटले की उघडेच होते ते सांगता येत नाही. पुढे दिसला तो पुठ्ठा. कोरडा. त्यावरची फ्रिजची जाहिरात उलटी वाचता येत होती. पेडल जमिनीवर पडलेलं होतं.

६

रामा दोन वाजता आला. मी ओट्यावर बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय वो दादा, जेवला न्हाय का? त्वांड बगा कसं झालंय."

"रामा, बोटीवर तीनच्या पुढे ठोके असतात का?"

"तीनच. पुढं काय नसतं."

"पाच?"

तो हात पुसत होता. हात थांबले.

"कोनी सांगितलं तुमाना?"

"आधी तू सांग, पाच म्हणजे काय."

त्याने हातातला फडका बाजूला ठेवला. मग माझ्याशेजारी बसला, पण माझ्याकडे न बघता बोलला. "ते बोटीवरचं न्हाय. आमचं हाय, दोगा भावांचं. आमी एका बोटीवर व्हतो तवा ठरवलेलं. पयले तीन, मंजे ऐकलं, लिव्हर मागं टाकला. मंग पाच भराभर, मंजे टाकला पन पकडत न्हाय. तांडेललाबी ठावं न्हाय ते. तुमाना कोनी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. पेडल, पाणी, वास. 'मनगट असावं' हेही. तो रडेल किंवा मला मारेल, दोन्हींची माझी तयारी होती. त्याने विचारलं ते भलतंच.

"पाच किती येळा?"

"तीन वेळा."

"मंजे वाट बगत व्हता," रामा म्हणाला. "वरनं उत्तर येईल म्हनून."

बाबाजीच्या बोटीचा गियरबॉक्स कुठे आहे हे मी तेव्हा विचारलं. आधी कधी विचारायचं सुचलं नव्हतं, याची लाज आजही वाटते. तो रामाच्याच परसात होता. फुटलेल्या बोटीतून काढल्यावर सहा वर्षं ताडपत्रीखाली पडलेला.

"आणि तू उघडला नाहीस? तू? दिसेल ते इंजिन उघडणारा माणूस!"

"त्यातल्या प्लेटी मीच बसवलेल्या, दादा," तो म्हणाला. "लिव्हर टाकलाच नसंल, तर भाऊ झोपला व्हता. टाकला आन माझी प्लेट वाईट निगाली, तर मी त्याला मारला. कसा उघडू? दोगांतल्या कोना एकावर तरी दोस येनारच व्हता."

७

सोमवारी सकाळी आम्ही ताडपत्री काढली. आवडाबाई येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, मासळीची रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली आणि मला म्हणाली, "पेपरवाले भाऊ, आज सवताच्या पायानं आलात व्हय?"

मी 'हो' म्हणालो आणि कॅमेरा काढला.

मी आधी फोटो काढले, झाकणाच्या एकेका बोल्टचा, वेळ नोंदवून. ही सवय मला २०१८ मध्येही होती. फक्त तेव्हा मी खुर्चीत होतो. झाकणाला आठ बोल्ट होते. मिठाने पांढरे पडलेले, पण आठही बोल्टांवर फिकट गुलाबी रेघ होती, बोल्टवरून लोखंडावर गेलेली.

रामा पाना धरून उभा राहिला. पहिल्या बोल्टला पाना लावेना.

"उगड," आवडाबाई म्हणाली. "लोक म्हनतात तेच खरं निगालं, तरी उद्या मी बाजारात बसनारच हाय. न्हाय उगडलास तर मातुर तुज्या दारात पाय ठेवनार न्हाय."

रेघा एकामागून एक तुटल्या. झाकण उचललं. रामाने आधी पुढे जाण्याच्या गियरच्या प्लेटी काढून पुसल्या. त्या जवळजवळ नव्या होत्या. मग मागे जाण्याच्या. त्या काढताना तो तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. बहुतेक मोजत होता.

मागच्या प्लेटी काळ्यानिळ्या होत्या. अस्तराचं नावही उरलं नव्हतं.

रामाने चष्मा वर सारला. एकेक प्लेट उन्हात धरून फिरवून पाहिली, कडा बोटाने चाचपल्या. परसात कावळेसुद्धा ओरडत होते की नाही मला आठवत नाही.

"चारीकडनं सारखी जळलीय," तो शेवटी म्हणाला. "वाईट प्लेट एका अंगानं जाते. ही तशी न्हाय. बोट वाळूत रुतलेली आन हा मागं खेचतोय, खेचतोय. एवढं जळायला लई येळ लागतो. सोडलाच न्हाय त्यानं लिव्हर."

"मंजे?" आवडाबाईने विचारलं.

"मंजे जागा व्हता, वयनी. शेवटपतुर जागा व्हता."

ती उठली, त्यांतली एक प्लेट उचलून पदराने पुसली, टोपलीत घातली आणि टोपली डोक्यावर घेतली. "बाजाराला उशीर व्हतोय," म्हणाली.

त्या दिवशी ती प्लेट मासळीच्या टोपलीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी मांडलेली होती. कोणी जांभई दिली नाही.

८

माझ्या गाडीला नवी क्लच प्लेट बसली. पेडलचा दांडा जोडला. रामा खाली शिरला, मी वर बसलो. एक. टण. दोन. टण, टण. त्याच्या पायांचे तळवे गाडीखालून बाहेर आलेले मला आरशात दिसत होते. त्यामुळे उत्तर देणारा कोण याबद्दल शंका नव्हती. बाहेर आल्यावर त्याने गियरबॉक्सच्या बोल्टांवर गुलाबी रेघा मारल्या आणि बाटली मला दिली. "ठेवा. तुमाना लागंल."

तो गेल्यावर मी एकटाच गाडीत बसलो आणि तीन ठोके दिले. पाच मिनिटं थांबलो. उत्तर आलं नाही. सांगायला संकोच वाटतो, पण मला बरं वाटलं. कुणाचं तरी बोलून झालं होतं.

माझ्या जुन्या पेपरने माझी दुरुस्ती छापली, माझ्या नावाने, माझ्याच शब्दांत: 'ती बातमी चुकीची होती, मी चौकशी न करता लिहिली होती, बाबाजी जागे होते.' संपादक 'अनवधानाने' हा शब्द घालू पाहत होते. मी घालू दिला नाही. पुढच्या रविवारी रामा आणि आवडाबाईला घेऊन मी होडी बंदरापर्यंत नेली. चढावर तिने एकदाही दम सोडला नाही. पोरं मागे धावत होती. आवडाबाई उजव्या बाजूला ताठ बसली होती. "आवाज बाकी लई करते तुमची होडी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "करू दे."

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण मग अहवाल पुन्हा काढला. चौकशी अहवाल, पान चार, मधला परिच्छेद: 'नौकेचा गियरबॉक्स उघडून अंतर्गत तपासणी केली असता तो निर्दोष आढळला.' खाली एक सही. नाव नाही, हुद्दा नाही.

ही तपासणी कोणी केली, हे मी माहितीच्या अधिकारात विचारलं. मग अपिलात विचारलं. मग अहवाल आणि माझे फोटो घेऊन स्वतःच्या पायाने बंदर खात्याच्या कार्यालयात गेलो. त्याला आता अकरा महिने झाले. 'माहिती उपलब्ध नाही' एवढं एकच उत्तर हातात आहे.

फोटो आठ आहेत, प्रत्येक बोल्टचा एक. १८ नोव्हेंबर २०२४, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. आठही रेघा अखंड आहेत.